औंढ्याच्या वाटेवरची हलती धरणी

औंढ्यास जाऊन नागनाथाचे दर्शन घ्यावे, अशी इच्छा आमच्या मनात बरेच दिवस घोळत होती. शाळेची नोकरी होती तोवर सवड मिळत नसे. आणि सेवानिवृत्त झाल्यावर पुष्कळांस येतो तोच अनुभव आम्हांसही आला, की वेळ भरपूर असतो पण निघणे म्हणून होत नाही. अखेर सन २०२५ च्या फाल्गुनात धाकट्या बहिणीचे बोलावणे आले. हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यात, पांगरा शिंदे या गावापासून फार दूर नाही अशा एका खेड्यात तिचे सासर आहे. "दादा, औंढ्याला जायचेच आहे तर चार दिवस आधी इकडे ये. घराविषयी तुझ्याशी थोडा विचार करायचा आहे," एवढेच तिने फोनवर सांगितले, अधिक काही बोलली नाही. आम्ही पडशी उचलली आणि निघालो.

नांदेडहून वसमतची वाट धरली, की दुतर्फा काळी कसदार जमीन लागते. पूर्णा प्रकल्पाच्या कालव्याचे पाणी मध्येच चमकून जाते. ते दिवस हळदीचे होते. शेताशेतांतून हळद शिजत होती, तिची वाफ आणि उग्र वास सडकेपर्यंत येत होता, आणि खळ्यांवर पिवळेधमक वाळवण पसरले होते. अशी शांत, भरल्या पोटाची भूमी पाहून ती कधी काळी जागची हलली असेल, असे कोणाच्या मनात तरी यावे काय? अमरकोशकारांनी पृथ्वीच्या नावांत 'अचला' आणि 'स्थिरा' ही दोन नावे दिली आहेत. लहानपणी वडिलांनी आमच्याकडून अमर पाठ करून घेतला, तेव्हापासून ही नावे आमच्या जिभेवर आहेत. आणि खरे सांगावयाचे तर पुष्कळ वर्षे ती आमच्या डोक्यातही तशीच बसून राहिली होती.

बहिणीचे घर जुने आहे. दगडामातीच्या दीड हात जाडीच्या भिंती, वर मातीचे माळवद, पुढे अंगण, आणि अंगणाच्या एका बाजूस मागाहून केलेली पत्र्याची पडवी. वैशाखातल्या वावटळीने पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर ओळीने मोठाले दगड ठेवलेले. हे सर्व आम्ही पूर्वीही पाहिले होते. या खेपेस नवे दिसले ते एवढेच, की फाल्गुनातली रात्र अजून गार असताही अंगणात तीन बाजा टाकून त्यांवर अंथरुणे घातली होती.

"आत कोणी झोपत नाही काय?" आम्ही विचारले.

"हे आणि सासूबाई झोपतात. पोरगा मात्र आत यायला तयार नाही. मागच्या आषाढापासून हे असेच चालले आहे. पावसाळाभर त्या पडवीत झोपलो, थंडीत दोन-दोन गोधड्या घेतल्या," बहीण म्हणाली.

पोरगा म्हणजे तिचा नातू, वय वर्षे सात. मागचा आषाढ म्हणजे कोणती गोष्ट, हे आमच्या ध्यानी आले. २१ मार्च २०२४ रोजी पहाटे सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात ४.५ रिश्टरचा धक्का बसला, आणि अकरा मिनिटांनी ३.६ रिश्टरचा दुसरा. पुढे १० जुलैस सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५ चा धक्का आला. या सर्वांचे उगमस्थान कळमनुरी तालुक्यात, आखाडा बाळापूरच्या बाजूस होते. आणि हिंगोली, नांदेड व परभणी या तिन्ही जिल्ह्यांत लोक घराबाहेर धावले. जीवितहानी झाली नाही, ही ईश्वराची कृपा. परंतु वसमत, कळमनुरी व औंढा या तालुक्यांतील कित्येक गावांना याची ओळख त्याच्याही पूर्वीपासून आहे. जमिनीच्या पोटातून मधूनमधून गूढ आवाज येतात. पांगरा शिंदे हे गाव तर त्यासाठी वर्तमानपत्रांतून महाराष्ट्रभर माहीत झाले आहे.

त्या रात्री आम्हीही अंगणातच पडलो. मध्यरात्र उलटून गेली असेल. दूर कोठे विहिरीत सुरुंग लावावा तसा एक जड आवाज आला, बाजेचे पाय किंचित थरथरल्यासारखे वाटले, आणि स्वयंपाकघरातल्या फडताळावरची भांडी एकमेकांस लागून क्षणभर किणकिणली. बस्स, इतकेच. कुत्री भुंकू लागली. नातवाने आमचा हात घट्ट धरला व हळूच विचारले, "आजोबा, खाली कोण ओरडते?"

आम्ही त्यास थोपटून निजविले. परंतु आमची झोप मात्र उडाली. कारण असाच एक प्रश्न आम्हांस पूर्वी एकदा विचारण्यात आला होता, आणि त्याचे आम्ही दिलेले उत्तर चुकीचे ठरले होते.

ती गोष्ट १९९३ च्या श्रावणातली. आम्ही भूगोलाच्या तासाला ज्वालामुखी व भूकंप शिकवीत होतो. एका मुलाने उठून विचारले, "गुरुजी, आपल्याकडे भूकंप होतो का?" आम्ही ठाम आवाजात सांगितले, की जपानात होतो, हिमालयात होतो, आपले दख्खनचे पठार फार जुने आणि घट्ट, त्यामुळे आपल्यास भय नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आम्हांस ठाऊक होता. पण तो अपवाद म्हणून आम्ही एका वाक्यात संपविला. पुढे दीड महिना लोटला नाही तोच, ३० सप्टेंबर रोजी, अनंतचतुर्दशीचे गणपती बोळवून लोक निजले असता, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची धरणी हलली. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील, म्हणजे आजच्या लातूर व धाराशिवमधील, गावेच्या गावे ढिगारा झाली. हजारो माणसे झोपेतच गेली. ज्या मुलाने प्रश्न विचारला होता त्याचे आजोळ औसा तालुक्यात होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आला, नेहमीच्या जागेवर बसला, आणि त्याने आम्हांस काहीही विचारले नाही. त्याने रागावून दोन शब्द बोलले असते तर बरे झाले असते.

तेव्हापासून आम्ही या विषयावरचे मिळेल ते वाचीत आलो आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि गोडी संस्कृताची. तरी जे समजले ते एका सात वर्षांच्या मुलास सांगता येईल इतपत समजले, असे वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुण्यांची पूजा आटोपल्यावर आम्ही नातवास देवघरापाशी बोलाविले.

देव्हाऱ्यात इतर देवांबरोबर एक काळाभोर शाळिग्राम आहे. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी तो असेल. तो हातात घेऊन आम्ही मुलास त्यावरचे चक्र दाखविले. हा शिळाखंड नेपाळातील काळी गंडकीच्या पात्रात, मुक्तिनाथाच्या परिसरात सापडतो. ते स्थान समुद्रापासून शेकडो कोस आत, आणि साडेतीन हजार मीटरांहूनही अधिक उंचीवर. परंतु त्यावरचे हे चक्र म्हणजे काय? समुद्रात राहणाऱ्या, शंखासारख्या वेटोळ्या कवचाच्या एका प्राण्याचा ठसा. सुमारे चौदा-पंधरा कोटी वर्षांपूर्वी तो प्राणी मेला, समुद्रतळाच्या चिखलात रुतला, आणि चिखलाचा दगड झाला. आपण ज्याची विष्णुरूपाने पूजा करतो, त्याने आपल्या अंगावर समुद्राचे चिन्ह धारण केले आहे. शास्त्राने हे सांगितल्याने आमच्या भावास उणेपणा आला नाही; उलट त्या दिवशी तीर्थ घेताना हात जोडले गेले ते अधिक विचाराने.

"मग समुद्र डोंगरावर कसा चढला?" मुलाने विचारले. प्रश्न अगदी मार्मिक होता. आम्ही बहिणीस म्हटले, "एक सतरंजी दे, आणि तो जुना पाट आण."

सतरंजी जमिनीवर पसरून तिचे एक टोक भिंतीस टेकविले आणि मुलास सांगितले, की दुसऱ्या टोकाकडून भिंतीकडे ढकल. त्याने ढकलले तशी भिंतीजवळ एकावर एक घड्या उभ्या राहिल्या. आम्ही म्हणालो, "हा हिमालय. भिंत म्हणजे उत्तरेकडचा आशिया खंड. सतरंजी म्हणजे आपण ज्यावर बसलो आहोत तो हिंदुस्थान. या दोहोंच्या मध्ये जो समुद्र होता त्याला टेथिस म्हणतात. त्याचा तळच घडी होऊन वर आला, आणि तुझा शाळिग्रामही त्याबरोबर वर आला."

ही केवळ कल्पना नव्हे. पृथ्वीचे कवच कढईतल्या दुधावरील सायीप्रमाणे आहे; पण ती साय अखंड नाही. सात मोठे व लहान-लहान अनेक असे तिचे तुकडे आहेत. त्यांस भूपट्ट म्हणतात. एकेका भूपट्टाची जाडी शंभर किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक असते, आणि त्याच्या खालचा तप्त खडक घन असूनही युगानुयुगे मंद वाहत असतो. त्यामुळे हे तुकडे सरकतात. जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये खंड सरकतात असे प्रतिपादन केले, तेव्हा विद्वानांनी त्यांची थट्टा केली. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात त्यांचा अंत झाला. आणि समुद्रतळाची मोजणी होऊन त्यांच्या म्हणण्याचे मर्म जगास पटावयास १९६० चे दशक उजाडले. आपला देश ज्या प्राचीन दक्षिण खंडाचा भाग होता त्याचे नाव गोंडवन. ते आपल्या शेजारच्या, मध्यप्रांतातील गोंडांच्या मुलखावरून पडले आहे. त्या खंडापासून तुटून हा तुकडा उत्तरेकडे निघाला, आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियास जाऊन भिडला.

दोन भूपट्ट भिडले म्हणजे काय होते, हे ते कोणत्या जातीचे आहेत यावर अवलंबून असते. समुद्राखालचा भूपट्ट जड असतो. तो खंडास भिडला तर त्याच्याखाली घुसतो, आणि वर ज्वालामुखींची माळ उठते. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत असाच झाला. दोन्ही बाजूंस समुद्रतळच असेल तर बेटांची रांग तयार होते. सुमात्र्याजवळ हिंदी महासागराचा तळ असाच खाली जात आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी तेथे भूकंप होऊन जी लाट उठली तिने तमिळनाडूच्या किनाऱ्यापर्यंत हाहाकार केला. पण दोन्हीकडे खंडच असतील, तर कोणीही सहजासहजी खाली जात नाही; दोघेही चुरगळतात, घड्या पडतात, आणि हिमालयासारखा पर्वत उभा राहतो. हे भांडण अद्याप मिटलेले नाही. आपला भूपट्ट आजही वर्षास सुमारे पाच सेंटिमीटर या वेगाने उत्तरेस सरकत आहे. माणसाचे नख वर्षात वाढते त्याहून थोडे अधिक. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळ हादरले आणि सुमारे नऊ हजार माणसे मेली, ते याच रेट्याने.

आमचे मेहुणे हे सर्व ओसरीवरून ऐकत होते. ते म्हणाले, "गुरुजी, हिमालयाचे समजले. पण तो इथून हजार किलोमीटर. त्याचे आमच्या गावाशी काय?"

तेव्हा आम्ही पाट घेतला. त्या पाटास मध्यभागी जुनी चीर होती. त्याची एक कड भिंतीस लावून दुसरीकडून नेट दिला, तसा पाट चिरेपाशी कुरकुरला. "भार भिंतीपाशी, पण आवाज कोठून आला?" आम्ही विचारले. मुलाने चिरेवर बोट ठेवले.

आपल्या मराठवाड्याच्या जमिनीचे हेच आहे. वर जो काळा पाषाण दिसतो तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. आपला भूपट्ट तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता आणि पृथ्वीच्या पोटातील एका अग्निकुंडावरून चालला होता. ते कुंड आज रियुनियन बेटाखाली, येथून सुमारे पाच हजार किलोमीटर दूर, अद्याप धगधगत आहे. त्या लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार झाले आणि त्याचाच भुगा होऊन ही काळी माती. परंतु हा पाषाण म्हणजे पाटावर घातलेले आवरण होय. किल्लारीस भूकंपानंतर भोक पाडून पाहिले, तेव्हा सुमारे ३४० मीटरांवर तो संपला आणि खाली अब्जावधी वर्षांचा जुना खडक लागला. त्या जुन्या खडकात जुन्या चिरा आहेत. हिमालयापाशी भूपट्ट अडला, की त्याचा नेट साऱ्या भूपट्टातून मागे पसरतो, आणि जेथे चीर दुबळी तेथे खडक कणभर सरकतो. धक्का लहान आणि उगम उथळ असला, तर मृदंगाच्या पुडीप्रमाणे जमीन हवेला हलविते व आवाज कानी येतो. खाली कोणी ओरडत नाही. जुना पाट कुरकुरतो.

मुलाचे समाधान झालेसे दिसले. तो दिवसभर पाट ढकलीत होता. मेहुणे मात्र म्हणाले, "मग बरेच आहे. रोज थोडे-थोडे कुरकुरले म्हणजे जोर निघून जात असेल. मोठा यायचा नाही."

असे पुष्कळांस वाटते, पण ते खरे नव्हे. रिश्टरच्या मोजणीत एक अंक वाढला, की बाहेर पडणारी शक्ती सुमारे बत्तीस पटींनी वाढते. किल्लारीचा धक्का ६.२ चा धरला, तर १० जुलैच्या धक्क्यासारखे साडेतीनशे धक्के एकत्र करावे तेव्हा त्याची बरोबरी होईल. लहान धक्क्यांनी मोठ्याची फेड होत नाही. उलटपक्षी, लहान धक्के आले म्हणजे मोठा येणारच, असेही कोणास सांगता येत नाही. भूकंपाचा दिवस व घटिका सांगण्याची विद्या आज जगात कोणापाशीच नाही. जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

तिसऱ्या दिवशी आम्ही सर्व औंढ्यास गेलो. वाटेत सडकेसाठी जेथे टेकडी कापली आहे तेथे आम्ही जीप थांबवून मुलास थर दाखविले. काळा पाषाण, त्यावर लालसर मातीचा पट्टा, पुन्हा काळा पाषाण. लाव्ह्याचा एक लोट येऊन गेला, मग मधल्या काळात ऊनपाऊस खाऊन त्याच्या माथ्याची माती झाली, आणि तिच्यावर दुसरा लोट आला. पोथीचे पान उलटावे तसे हे वाचता येते.

नागनाथाचे देऊळ हेमाडपंती म्हणून ओळखले जाते. खालचे काळ्या पाषाणाचे कोरीव काम जुने. वरचे पांढरे शिखर मागाहून झालेले. लिंग तळघरात आहे. अरुंद वाटेने, अंग चोरीत खाली उतरावे लागते. त्या गाभाऱ्यात बसले असता वरच्या जगाचा आवाज ऐकू येत नाही. आणि ज्या धरणीविषयी आपण तीन दिवस बोलत आहोत तिच्या कुशीत आलो, अशी भावना होते. नामदेव महाराजांचे नरसी याच जिल्ह्यात कयाधूकाठी आहे. औंढ्यास ते कीर्तनास उभे असता त्यांना देवळामागे जावयास सांगितले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही कथा सर्वश्रुत आहे. नंदी मागील बाजूस आहे तो लोक याचीच खूण म्हणून दाखवितात. आमचा नातू लगेच म्हणाला, "देऊळ फिरले, तर जमीनही फिरली असेल!" पुजारीबुवा हसले, आम्हीही हसलो.

याच औंढ्याच्या परिसरात 'लायगो' नावाची एक मोठी वेधशाळा व्हावयाची आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता दिली व एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा काटकोनात असणार, आणि त्यांतून अंतराळातील प्रचंड ताऱ्यांच्या टकरीने उठणाऱ्या लहरी मोजावयाच्या. त्यासाठी अणुगर्भातील कणाच्याही हजारो पटींनी सूक्ष्म असा फरक टिपावा लागतो. तेव्हा जमिनीचे कंपन आरशांपर्यंत पोहोचू नये म्हणून ते अनेक पदरी टांगण्यांवर लोंबते ठेवतात. जमीन हलते हे त्या शास्त्रज्ञांनी गृहीतच धरले आहे. न हलणारी जमीन शोधीत ते बसले नाहीत. हा विचार आमच्या मनात घर करून राहिला.

आणि आमच्या पूर्वजांनी तरी काय केले? वराहमिहिरांनी बृहत्संहितेत भूकंपावर स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. कोणी म्हणतो पाण्यातील मोठ्या प्राण्यांमुळे, कोणी म्हणतो दिग्गज दमून श्वास टाकतात म्हणून, कोणी वायूंच्या टकरीचे कारण देतो, अशी निरनिराळी मते त्यांनी मांडली आहेत. पर्वतांना पूर्वी पंख होते, त्यांच्या उडण्याबसण्याने धरणी हादरे, म्हणून इंद्राने ते कापले, ही कथाही तेथे आहे. या उत्तरांस आज आपण शास्त्र म्हणणार नाही. परंतु 'अचला' म्हणून नाव दिलेल्या भूमीविषयी त्यांनी प्रश्न विचारणे सोडले नाही, एवढे खरे. आम्ही मात्र वर्गात नावालाच उत्तर समजलो.

परत आल्यावर रात्री ओसरीवर बैठक झाली. बहिणीने ज्यासाठी बोलाविले होते तो विषय आता निघाला. तिच्या मुलाचे, जो पुण्यास नोकरीस आहे, म्हणणे असे, की घर पाडून नवे बांधावे. मेहुण्यांचे म्हणणे, "शंभर वर्षे उभे आहे. भिंत दीड हात जाड. ही कशी पडेल?" वृद्ध सासूबाई काहीच बोलत नव्हत्या, त्या याच घरात सून म्हणून आल्या होत्या.

आम्ही म्हणालो, "भावजी, किल्लारीच्या भिंतीही जाडच होत्या. त्यांनीच माणसे मारली. दगडामातीच्या भिंतीस आतून-बाहेरून दोन पदर असतात आणि मध्ये भर. हादरा बसला की पदर सुटतात, आणि वरचे माळवद, टनावारी माती, निजलेल्या माणसावर येते. थंडी-उन्हासाठी हे घर उत्तम आहे; हलत्या जमिनीसाठी ते बांधलेले नाही. त्यात बांधणाऱ्याचा दोष नाही. त्यालाही आमच्यासारखेच वाटत होते, की जमीन स्थिर आहे."

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग सासूबाई म्हणाल्या, "देवघर कुठे राहील?" या एका वाक्याने गाठ सुटली. सर्व घर एकदम पाडावयाचे नाही, असे ठरले. माळवदाची माती उतरवून त्या जागी हलके छप्पर घालावयाचे. भिंतीत ठिकठिकाणी दोन्ही पदरांना धरणारे लांब दगड बसवावयाचे. आणि अंगणाच्या पूर्वेस निजण्यासाठी दोन खोल्या नव्या बांधावयाच्या, त्यांच्या जोत्यावर व दारांच्या डोक्यावर चारी भिंतींतून फिरणारा सळई-काँक्रीटचा पट्टा घालावयाचा. देवघर पहिल्या खोलीत. यासाठी जाणत्या अभियंत्याचा सल्ला घेतल्यावाचून गवंड्याने भिंतीस हात लावू नये, असेही आम्ही बजाविले.

एक काम मात्र दुसऱ्या दिवशीच करण्याजोगे होते. २०२४ च्या मार्चातल्या धक्क्यानंतर शेजारच्या नांदेड जिल्हा प्रशासनाने लोकांना पत्र्यावरचे दगड काढावयास सांगितले होते. बहिणीने ते ऐकले होते. पण वावटळीचे भय मोठे, म्हणून दगड तसेच राहिले होते. सकाळी शिडी लावून मेहुण्यांनी एक-एक दगड खाली दिला, आम्ही व नातवाने ते कडेस रचले. पत्रे खालच्या वाशांस बोल्टांनी आवळून घेतले. त्या दगडांतून तुळशीवृंदावनाचा ओटा करावयाचे सासूबाईंनी सांगितले. त्या रात्री मुलगा पडवीत, त्या मोकळ्या पत्र्याखाली, आम्हांशेजारी निजला. पहाटे पुन्हा एकदा बारीकसा आवाज आला. त्याने डोळे न उघडताच "पाट" म्हटले व कूस पालटली.

वाचकांनी आपापल्या घरी एकदा मान वर करून पाहावे, एवढीच विनंती. पत्र्यावर दगड, पलंगाच्या डोक्याशी जड कपाट, उशाच्या फळीवर पितळेची भांडी, दाराआड अडगळ. यांतले जे हलविता येईल ते आजच हलवावे. धरणी केव्हा हलेल, ते आपल्या हाती नाही. ती हलली असता आपल्यावर काय पडावे, हे मात्र पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे.

तो आमचा विद्यार्थी आता चाळिशी ओलांडलेला असेल. कोठे आहे, ठाऊक नाही. त्यास १९९३ च्या श्रावणात दिलेले उत्तर आम्ही आज दुरुस्त करून देत आहोत: होय बाळा, आपल्याकडेही होतो.